अविश्वास : विकार की विवेक? – फ्लिंट पाणीसंकटावरील अहवालाची चिकित्सा

प्रस्तावना :
नागरी सुविधांचे नियोजन ही तांत्रिक आणि म्हणून तटस्थ बाब होय, असा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या नागरी हक्क आयोगाने फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला फ्लिंट शहराच्या पाणीसंकटावरील अहवाल या समजाला छेद देतो. प्रस्तुत लेखात या अहवालाचे योगदान व त्याची एक महत्त्वाची मर्यादा यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
फ्लिंटमध्ये कृष्णवर्णीयांची बहुसंख्या आहे. २०११ ते २०१५ या काळात शहराचा कारभार राज्यनियुक्त आणीबाणी व्यवस्थापकांच्या हाती होता. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी डेट्रॉइटचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी पुरविण्यात आले. त्यात गंजरोधक रसायन न मिसळल्यामुळे जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले.

अहवालाचे योगदान :
आयोग केवळ एखाद्या अधिकाऱ्याच्या द्वेषबुद्धीचा शोध घेत नाही. घरविक्रीतील वर्णभेदी अटी, वस्त्यांचे विभाजन आणि गोऱ्या कुटुंबांचे उपनगरांकडे झालेले स्थलांतर या दीर्घ परंपरेत तो संकटाची मुळे शोधतो. १९६० मध्ये जवळपास दोन लाख लोकवस्ती असलेल्या शहराची जलव्यवस्था पुढे निम्म्याच, तुलनेने गरीब रहिवाशांच्या माथी आली. हेतू नसतानाही व्यवस्था वर्णभेदी ठरू शकते, हे प्रतिपादन येथे सप्रमाण उभे राहते.

मर्यादा :
तथापि शिफारशींकडे वळताच अहवालाची भूमिका काहीशी सौम्य होते. अधिकाऱ्यांना सुप्त पूर्वग्रहांविषयी प्रशिक्षण द्यावे व जनतेचा विश्वास पुन्हा संपादन करावा, असे तो सुचवितो. येथे अविश्वास हा जणू बरा करावयाचा विकार ठरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. पाण्याच्या रंगावासाविषयी रहिवासी प्रारंभापासून तक्रार करीत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये यंत्रभाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सने हे पाणी घेणे थांबविले. जानेवारी २०१५ मध्ये शहरातील राज्य कार्यालयात पिण्याच्या पाण्याची वेगळी सोय झाली. मार्च २०१५ मध्ये नगरपरिषदेने डेट्रॉइटच्या पाण्याकडे परतण्याच्या बाजूने मत दिले. व्यवस्थापकाने ते मानले नाही. डेट्रॉइटचे पाणी ऑक्टोबर २०१५ मध्येच परत मिळाले. अर्थात, रहिवाशांचा अविश्वास म्हणजे अनुभवसिद्ध ज्ञान होते. आणीबाणी व्यवस्थापनाचा कायदा बदलण्याची शिफारसही आयोग करतो. परंतु निर्णयाधिकार आणि विश्वास यांतील नाते पुरेसे उलगडत नाही.

समारोप :
सुमारे ११ हजार शिशाचे नळ बदलल्याचे राज्याने जुलै २०२५ मध्ये न्यायालयास कळविले. हे काम आवश्यकच होते. परंतु लोकांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करण्यापूर्वी प्रशासनाने विश्वासार्हता सिद्ध करावयास हवी. त्यासाठी नागरिकांची तक्रार हा पुरावा मानला गेला पाहिजे आणि त्यांच्या प्रतिनिधींचा नकार बंधनकारक ठरला पाहिजे. तोपर्यंत नळाचे पाणी गाळून पिणाऱ्या फ्लिंटवासीयास अविचारी म्हणता येणार नाही.