गुणांचें ओझें

निंदेला मनुष्य उत्तर देऊं शकतो. निदान आपल्यावर अन्याय होत आहे एवढें तरी त्याला कळतें. स्तुतीनेंही मनुष्य जखडला जातो ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि ज्याच्या येते त्याला ती बोलून दाखविण्याची चोरी असते. कारण स्तुतीबद्दल कुरकुर करणाऱ्याला जग कृतघ्न म्हणतें. अमेरिकेंत वाढणाऱ्या आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांची स्थिति कांहींशी अशीच आहे. चिनी, जपानी, कोरियन किंवा भारतीय घरांतील मूल म्हणजे गणितांत हुषार, अभ्यासू, आज्ञाधारक, अबोल आणि मैदानावर निरुपयोगी, असा तेथें एक रूढ समज आहे. ह्या समजाच्या छायेंत वाढणाऱ्या मुलाच्या मनांत काय चालतें, हें जीन लुएन यांग ह्यांच्या ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ ह्या इंग्रजी चित्रकथेंत जितकें खोलवर उतरलें आहे तितकें तें अन्यत्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

पुस्तक नवें नव्हे. तें २००६ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्याच वर्षीं अमेरिकेच्या ‘नॅशनल बुक अवॉर्ड’च्या अंतिम यादींत आलें, चित्रकथेला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढील वर्षीं त्याला किशोरवाङ्मयाचें ‘प्रिंट्झ’ पारितोषिक मिळालें, व २०२३ सालीं त्यावरून दूरचित्रवाणीची मालिकाही निघाली. आमच्या हातीं तें इतक्या उशिरां पडलें तें नात्यांतील एका चवदा वर्षांच्या मुलीमुळें. ती जन्मानें कॅलिफोर्नियाची. सुटींत पुण्यास आली होती. तिचें गुणपत्रक पाहून आम्ही कौतुकानें म्हणालों, ‘आपल्या मुलांना गणित यायचेंच!’ ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आजोबा, तिथेंही सगळे असंच म्हणतात. शंभर मिळाले तर कोणी शाबास म्हणत नाहीं, आणि अठ्ठ्याण्णव मिळाले कीं सगळे वळून बघतात.’ जातांना ती हें पुस्तक आमच्या मेजावर ठेवून गेली. प्रस्तुत परीक्षणाचें निमित्त एवढेंच.

पुस्तकांत तीन कथा आळीपाळीनें चालतात. पहिली वानरराजाची, तिचें मूळ ‘पश्चिमेची यात्रा’ ह्या सोळाव्या शतकांतील सुप्रसिद्ध चिनी कादंबरींत आहे. देवांच्या मेजवानीस गेलेल्या वानरराजाला द्वारपाल आंत सोडीत नाहीं, कारण त्याच्या पायांत जोडे नाहींत. आणि जोडे असते तरी तो वानरच. संतापाच्या भरांत तो सर्वांना झोडपून काढतो व आपल्या पर्वतावर परततो. त्या रात्रीं स्वतःच्या महालांत त्याला प्रथमच वानरांच्या केसांचा वास जाणवतो. ज्या वासांत तो आजवर सुखानें झोंपला, तोच आतां त्याला झोंपूं देत नाहीं. मग सर्व वानरांनीं जोडे घालावे असें फर्मान सुटतें. अपमान बाहेर झाला, पण त्याची घाण घरांत येऊं लागली. एवढी मोठी गोष्ट ग्रंथकारानें दोनचार चित्रांत सांगितली आहे.

दुसरी कथा जिन वांग ह्या मुलाची. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चिनी वस्तींतून तो नव्या शाळेंत येतो. बाई त्याचें नांव चुकीचें उच्चारतात आणि हा चीनहून आला आहे असें वर्गाला सांगतात. चिनी लोक कुत्रीं खातात असें एक मुलगा म्हणतो. जिन आपला डबा एकटा बसून खातो. पुढें एका मुलीवर मन जडतांच एका गोऱ्या सोबत्यासारखे केस कुरळे करून घेतो. तैवानहून आलेला वेइ-चेन त्याचा जिवलग मित्र होतो, आणि एक दिवस त्याच मित्राला तो वर्मीं लागेल असा शब्द बोलून बसतो. तिसऱ्या कथेंतील डॅनी हा गोरा, सोनेरी केसांचा मुलगा. दरवर्षीं चिन-की नांवाचा त्याचा चिनी भाऊ त्याच्याकडे येतो आणि शाळेंत त्याची अब्रू घालवितो. हा चिन-की म्हणजे जुन्या अमेरिकन व्यंगचित्रांतून उठून आलेला चिनी मनुष्य आहे. दांत पुढें आलेले, पाठीवर वेणी, इंग्रजी मोडकें. विनोदी मालिकांतून ऐकूं येणारा साचेबंद हशा ह्या भागांत चित्रांच्या खालीं चक्क छापलेला आहे.

ग्रंथकाराची मर्मदृष्टि आम्हांस सर्वांत अधिक प्रत्ययास आली ती ह्याच भागांतील शाळेच्या प्रसंगांत. चिन-की वर्गावर्गांतून जातो आणि राज्यव्यवस्था, इतिहास, शरीरशास्त्र, बीजगणित, स्पॅनिश भाषा ह्यांतील प्रत्येक प्रश्नाचें उत्तर तोच देतो. एक शिक्षक तर इतर मुलांना त्याचा कित्ता गिरवावयास सांगतात. ज्याला पाहून लोक हंसतात तो विदूषक आणि शिक्षक ज्याची वाखाणणी करतात तो आदर्श विद्यार्थी, हे दोघे येथें एकाच देहांत नांदत आहेत. पहिला समज दुष्टपणाचा व दुसरा सद्भावाचा, असा भेद आपण एरव्हीं करतों. यांग तो भेद पुसून टाकतात. दोन्ही ठिकाणीं समोरच्या मुलाकडे न पाहतांच त्याच्याविषयीं सर्व कांहीं ठाऊक असल्याचा आव आहे, हेंच त्यांना दाखवावयाचें आहे.

इतिहासही ह्याला साक्ष देतो. १८८२ च्या कायद्यानें अमेरिकेनें चिनी मजुरांना आपलीं दारें बंद केलीं. १९४२ पासून सुमारें एक लक्ष वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना, त्यांतील बहुसंख्य तेथलेच नागरिक असतांही, छावण्यांत डांबण्यांत आलें. त्यानंतर पुरतीं पंचवीस वर्षेंही लोटलीं नव्हतीं तोंच, १९६६ च्या जानेवारींत, विल्यम पीटरसन ह्या समाजशास्त्रज्ञानें ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणींत ह्याच जपानी लोकांच्या यशाची थोरवी गाणारा लेख लिहिला. तो काळ कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचा होता. ‘हे पहा, हे तक्रार न करतां वर आले’ असें एकाला म्हणण्यांत दुसऱ्याला टोमणा होता, हें त्या वेळच्या वाचकांस उमगलें नसेल असें म्हणवत नाहीं. पुढें १९६५ च्या कायद्यान्वयें जे आशियाई लोक तेथें गेले, त्यांतील पुष्कळसे डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ होते. कारण शिक्षितांना व कुशलांना प्राधान्य द्यावें अशीच त्या कायद्यांत एक तरतूद होती. अशा घरांतील मुलें शाळेंत पुढें आलीं ह्यांत नवल तें काय? चाळणीचें श्रेय लोकांनीं रक्ताला दिलें, आणि १९७५ नंतर लाओस व कंबोडिया येथून सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांचीं मुलें त्याच ‘आशियाई’ नांवाखालीं दिसेनाशीं झालीं. ज्याला मदतीची गरज आहे अशा मुलाला ‘तुला तर येतच असेल’ म्हणून वाटेस लावणें, हा ह्या स्तुतीचा व्यावहारिक परिणाम होय.

स्तुतीची दुसरी बाजू अगदीं अलीकडे न्यायालयांतही उघड झाली. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध जो खटला २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयांत निकालास आला, त्यांत असें पुढें आलें कीं अर्जदारांच्या स्वभावाला व व्यक्तिमत्त्वाला विद्यापीठ जी श्रेणी देत असे, ती आशियाई वंशाच्या मुलांना सरासरीनें कमी मिळे. त्याचें कारण काय ह्याविषयीं दोन्ही पक्षांत वाद होता. परंतु अभ्यासांत वरचढ आणि माणूस म्हणून फिका, ही जी चिन-कीची मूर्ति, ती पाहिलेल्या वाचकाला ह्या आंकड्यांपाशीं थबकावेंच लागेल.

आतां कथानकाचें रहस्य सांगणें प्राप्त आहे, कारण त्यावांचून पुस्तकाचें मर्म कळणार नाहीं. डॅनी हा निराळा कोणी नव्हेच. तो जिन आहे. लहानपणीं एका औषधवाल्याच्या बायकोनें जिनला सांगितलें होतें कीं, आत्मा सोडावयाची तयारी असली तर मनुष्य वाटेल तें होऊं शकतो. जिननें ती किंमत दिली व तो गोरा झाला. पण ज्या रूपापासून पळावयाचें तें चिन-की होऊन दरवर्षीं दारांत उभें राहूं लागलें. सुझी नाकामुरा ह्या जपानी मुलीचा प्रसंग तर एका पानाहून फारसा मोठा नाहीं. कोणीतरी तिला शिवी देतो, आणि ती जिनपाशीं कबूल करते कीं मनांतून आपल्याला नेहमींच तसें वाटत आलें आहे. शिवी बाहेरून आली तेव्हां आंत तिच्यासाठीं जागा आधींच तयार होती. हें ओळखण्यास ग्रंथकाराला शिक्षकाचा अनुभव उपयोगी पडला असावा. यांग ह्यांनीं कित्येक वर्षें माध्यमिक शाळेंत संगणकशास्त्र शिकविलें आहे.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. चिन-कीचें चित्र इतकें ठसठशीत उतरलें आहे कीं एखादा उतावळा बालवाचक नुसता हंसून पुढें जाईल. उपरोधाला जाणता वाचक लागतो. दुसरी गोष्ट धर्माची. मूळ कादंबरींत वानराला पर्वताखालीं चिरडणारा बुद्ध आहे व यात्रा बौद्ध ग्रंथांसाठीं भारताकडे निघते. यांग हे कॅथॉलिक. त्यांनीं बुद्धाच्या जागीं सृष्टिकर्ता ईश्वर आणला आणि यात्रेकरूंना बालयेशूच्या गोठ्यापाशीं नेलें. ‘आपलें खरें रूप सोडूं नका’ असें सांगणाऱ्या पुस्तकांत जुन्या कथेचेंच रूप पालटावें, हें आम्हांस प्रथम खटकलें. परंतु अमेरिकेंत जन्मलेल्या चिनी ख्रिस्ती मनुष्याची पुराणकथा अशीच मिश्र असणार, आणि तेंच तिचें खरें रूप, हें उत्तरही विचार केल्यावर पटतें.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही मागें घेऊं शकत नाहीं. पर्वताखालीं पांचशें वर्षें सांपडलेला वानर आपलें मूळचें लहान रूप धारण करतांच सुटतो. वानराला मूळ रूप आहे. चवदा वर्षांच्या मुलीला तें अजून सांपडावयाचें असतें. आणि तो पर्वत वानराच्या गर्वाची शिक्षा होता. ह्या मुलांच्या पाठीवरचा पर्वत दुसऱ्यांनीं ठेवलेला आहे. नांव चुकीचें उच्चारणाऱ्या बाई पुस्तकाच्या शेवटीं कांहीं शिकल्या कीं नाहीं, हें ग्रंथकार सांगत नाहीं. सुधारावयाचें तें मुलानेंच, असा एक अर्थ त्यांतून निघतो, आणि तो न्याय्य नाहीं.

ह्या चिनी यात्रेचा आमच्याशीं एक जुना धागा आहे. कादंबरींतील भिक्षूचें मूळ म्हणजे सातव्या शतकांत खरोखरच भारतांत आलेला ह्युएनत्संग. तो महाराष्ट्रांतही आला होता, आणि येथले लोक मानी, उपकार स्मरणारे व वैर न विसरणारे आहेत असें त्यानें लिहून ठेवलें. तें वाचून आमची छाती आजही फुगते. तो अभिप्राय इतिहासाच्या पुस्तकांत आहे तोंवर गोड आहे. रोज शाळेंत जाऊन तो खरा करून दाखवावा लागला असता तर मराठी मुलाला तो कितपत गोड लागला असता? २०१९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेंत आठ मुलें एकदम विजयी ठरलीं व त्यांतील सात भारतीय वंशाचीं निघालीं, तेव्हां आम्हींही हें ‘आपलें’ यश म्हणून मिरविलें. त्या मुलांनीं पाठांतरांत घालविलेल्या संध्याकाळी मात्र त्यांच्या एकट्यांच्या होत्या.

तात्पर्य, परक्यांनीं जो सांचा घडविला त्याला आपण घरांतून मायेचा मुलामा देत असतों. ज्यांचीं मुलेंनातवंडें परदेशीं आहेत त्यांनीं, आणि ज्यांचीं येथेंच गुणपत्रकाच्या तराजूंत तोललीं जात आहेत त्यांनींही, हें पुस्तक अवश्य वाचावें. तें एका बैठकींत संपतें. मनांतून लवकर जात नाहीं. आमच्याकडील प्रत आतां तिच्या मालकिणीकडे परत पाठवावयाची आहे. सोबत पत्रही लिहावयाचें आहे. त्यांत गुणपत्रकाविषयीं एक अक्षरही असणार नाहीं, एवढें आम्हीं ठरविलें आहे.