म्हातारीला घाबरू द्या

अलीकडे मराठीत निघालेल्या बालवाडीच्या वयाच्या चित्रपुस्तकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलं की एकच मूल पुन्हा पुन्हा भेटतं. पहिल्या पानावर ते अंधाराला, कुत्र्याला नाहीतर शाळेला घाबरतं. मधल्या पानावर आजी किंवा एखादा बोलका ससा त्याची समजूत घालतो. शेवटच्या पानावर ते हसतं आणि आता आपल्याला भीती वाटत नाही, असं जाहीर करतं. खाली पालकांसाठी चौकट असते : या गोष्टीतून मुलाला काय सांगाल? चित्रं सुबक, कागद गुळगुळीत, हेतूही चांगला. गोष्ट मात्र कुठंच नाही. भीती आली न आली तोच तिची पाठवणी होते. ही पुस्तकं धीर देण्याच्या नावाखाली मुलाची भीती गप्प करतात, म्हणून मला त्यांचा राग येतो.

यांच्यासमोर मी आपल्या घराघरातली एक जुनी गोष्ट ठेवतो. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेतलं रान, तिला खायला टपलेला लांडगा आणि वाघ. भोपळ्यातून परतणाऱ्या या म्हातारीसारखी धीटपणाची गोष्ट तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मराठीत दुसरी नाही. नीट पाहिलं तर म्हातारी कुठंच शूर नाही. ती हडकुळी आहे, एकटी आहे, घाबरलेली आहे, आणि वाघाशी लढण्याचा विचारही तिच्या मनात येत नाही. ती मुदत मागते. लेकीकडे जाऊन, तूप-रोटी खाऊन, जाडजूड होऊन येते, मग खा, म्हणते. एवढ्यावर संकट टळलं असतं तर गोष्ट फुसकी झाली असती. पण परतीची वाट तीच आहे, वाघही तिथंच बसला आहे. लेकीकडच्या सुखाच्या दिवसांतही ऐकणाऱ्या मुलाला हे माहीत असतं. म्हणून ते सांगणाऱ्याला आणखी बिलगतं, पण उठून जात नाही. परत जायचं आहे हे ठाऊक असूनही म्हातारी निघते, आणि तिच्यासोबत मूलही निघतं. धीटपणाचा धडा म्हणायचा तर एवढाच, आणि तो गोष्टीत एकदाही उच्चारलेला नाही.

शिवाय ही गोष्ट तेच प्रश्न आणि तीच उत्तरं घेऊन येते. आधी लांडगा, मग वाघ, परतताना पुन्हा तेच. दुसऱ्यांदा ऐकताना मूल वाघाच्या आधी वाघाचं वाक्य म्हणतं. काही दिवसांनी वाघ मुलाच्याच आवाजात बोलू लागतो. चार वर्षांचं मूल तीच गोष्ट ‘परत सांग’ म्हणतं तेव्हा वैतागणाऱ्या मोठ्यांना हे कळत नाही, की प्रत्येक फेरीत ते भीतीच्या थोडं अधिक जवळ जाऊन उभं राहतं आहे. चौकटवाल्या पुस्तकांत दुसऱ्यांदा ऐकण्यासारखं काही उरत नाही, त्यांचा निकाल पहिल्याच वाचनात लागलेला असतो.

मुलांना वाघ-लांडग्यांनी घाबरवू नये, असं आता शिकलेल्या घरांतून ऐकू येतं. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतली चिमणीही हल्ली काही ठिकाणी पहिल्या हाकेला दार उघडते. मुलांना घाबरवू नका असं सांगणाऱ्यांनी सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात एक संध्याकाळ काढावी. उसात बिबट्या दिसल्याची बातमी चुलीपुढं चर्चिली जाते आणि मूल तिथंच बसून ऐकत असतं. आमच्या फलटण भागात, साखरवाडीच्या परिसरात हंगामाला आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं कोपीत झोपतात आणि आईबाप पहाटेच्या काळोखात फडात जातात. माउलींची पालखी फलटण मुक्कामी येते ती शाळा-अंगणवाड्या नुकत्याच सुरू झालेल्या असताना, आणि त्या गर्दीत आईचं बोट सुटण्याची भीती इथल्या लहान मुलाला कुणी शिकवावी लागत नाही. भीती पुस्तकाच्या कितीतरी आधी येऊन बसलेली असते. गोष्ट तिला फक्त चेहरा देते, सुरुवात देते आणि शेवट देते.

आपल्याकडे धीटपणाचा दुसरा एक साचा आहे आणि तो फार मोठ्या पुस्तकातून आलेला आहे. ‘श्यामची आई’मध्ये पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारते आणि विहिरीवर पाठवते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून ती कळवळते, आणि साने गुरुजींची लेखणी त्या कळवळ्यापाशी थांबते, म्हणून तो प्रसंग साहित्य आहे. मात्र 1935 पासून घराघरांनी त्यातली शिंपटी तेवढी उचलली. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, ही आईची तळमळ पुढे ‘भित्रा कुठला!’ या टोमण्यात उतरली. आजची गुळगुळीत पुस्तकं स्वतःला या साच्याच्या विरुद्ध समजतात. माझ्या मते ती त्याच घरातली आहेत, कारण भीती ही घालवून टाकायची लाजिरवाणी गोष्ट आहे, यावर दोघांचं एकमत आहे.

शौर्यकथांविषयी एवढंच : फलटण शिवाजी महाराजांच्या राणी सईबाईंचं माहेर, इथं शिवचरित्र लवकर कानावर येणारच, पण चार वर्षांच्या मुलाच्या हाती त्यातली फक्त वाघनखं लागतात. मोबाइलवरच्या हलत्या गोष्टींची इथं दखल घेण्याचं कारण नाही, त्यांत मुलाला वाघाचं वाक्य म्हणायला कुणी थांबतच नाही.

मराठी चित्रपुस्तकांत माझा जीव रमतो तो माधुरी पुरंदरे यांच्यापाशी. ‘राधाचं घर’ आणि यशच्या गोष्टींनी मराठी घर जसं आहे तसं पानावर आणलं. ‘मोठी शाळा’, ‘हात मोडला’ ही नावंच पाहा. मुलाच्या आयुष्यातल्या खऱ्याखुऱ्या मोठ्या घटना आहेत या, आणि त्यांना मोठ्या घटनांचा मान मिळाला आहे. पुरंदऱ्यांची रेषा मुलाला गोंडस करत नाही आणि त्यांचं वाक्य त्याला उपदेश करत नाही. भीतीला असाच मान देणारं मॉरिस सेंडाकचं इंग्रजी चित्रपुस्तक ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ 1963 मध्ये आलं, तेव्हा मोठ्यांनी त्यातल्या राक्षसांची धास्ती घेतली. ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञानंही त्यावर टीका केली. त्याच बेटलहाइमनं 1976 मध्ये परीकथांतली भीती मुलांना हवीच असते, हे पुस्तकभर मांडलं. आपल्या प्रकाशकांनी ‘भावनिक विकास’ हा शिक्का मारण्याआधी ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला हवीत.

पण चांगल्या पुस्तकांनीही अर्धंच काम होतं. ऐकणाऱ्या मुलाला सांगणारं व्हावं लागतं, आणि इथं मला फलटणकडेच वळावं लागतं. मॅक्सीन बर्नसन यांनी या गावाच्या मराठीतले भेद अभ्यासून 1973 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला प्रबंध दिला. पुढे त्या इथंच राहिल्या, दलित वस्तीतल्या शाळा सुटलेल्या मुलांसाठी वर्ग चालवले, प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झालं. गावात कोण कसं बोलतं, याचा बारकाईनं अभ्यास केलेल्या बाईनं त्याच गावात शाळा काढावी, याचं मोल आपण अजून ओळखलेलं नाही. ‘न्हाई’ म्हटल्यावर वर्ग हसला, की मूल पुढची गोष्ट गिळून टाकतं. चार जणांसमोर आपल्या घरच्या बोलीत तोंड उघडणं, हा त्या वयातला सगळ्यात मोठा धीटपणा आहे. तो एकदा मोडला की वाघाच्या शंभर गोष्टींनीही भरून येत नाही.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी गोष्टीला बालशिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवलं. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ती वारली पाड्यांच्या अंगणात नेली. त्यापुढचं पाऊल शिकागोत व्हिव्हियन पेली नावाच्या शिक्षिकेनं टाकलं. मूल गोष्ट सांगतं, बाई ती शब्दशः उतरवून घेतात आणि त्याच दिवशी वर्ग ती करून दाखवतो. 1990 च्या तिच्या पुस्तकातला जेसन सतत मोडक्या हेलिकॉप्टरशी खेळत एकटा बसतो. कुणी त्याला धीट हो म्हणत नाही. इतर मुलं आपापल्या गोष्टींत त्याच्या हेलिकॉप्टरसाठी जागा करत जातात आणि तो हळूहळू त्या गोष्टींत उतरतो. या पद्धतीला लागतं काय? कागद, पेन्सिल, मोकळी जागा आणि ऐकून घेणारी बाई.

तीच आपल्याकडे उरलेली नाही. अंगणवाडीसेविकेच्या हातात पोषण ट्रॅकरचं अ‍ॅप आहे, वजन-उंचीच्या नोंदी आहेत, घरपोच आहाराचं वाटप आहे. 2023 च्या डिसेंबरात राज्यभरातल्या सेविका मानधनासाठी संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीपर्यंत चालला. तेव्हा किती जणांनी विचारलं, की या बाईनं गोष्ट सांगायची कधी? केंद्राच्या ‘पोषण भी पढाई भी’ योजनेची घोषणा झाली, नवा अभ्यासक्रम आला, प्रशिक्षणं झाली. त्यांतही गोष्ट येते ती कोणती तरी निष्पत्ती साधण्यासाठी, आणि गोष्ट संपल्यावर मुलांना ‘तुम्ही काय शिकलात?’ असं विचारायचं असतं. हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. म्हातारी आत्ता कुठं भोपळ्यातून बाहेर पडली आहे, मुलाच्या डोळ्यांत अजून वाघ आहे, आणि आपण त्याला उत्तर देण्यासाठी उभं करतो.

म्हणून माझी मागणी पुस्तकांच्या संचाची नाही. दर अंगणवाडीला एक कोरी वही द्या. रोज एका मुलाची गोष्ट तिच्यात उतरू द्या, त्याच्या बोलीत, एकही शब्द न सुधारता, मग ती बिबट्याची असो की दारू पिऊन आलेल्या बापाची. ती वर्गात करून पाहू द्या. सेविकेला त्यासाठी अर्धा तास मिळावा, म्हणून तेवढ्या वेळाच्या नोंदी कमी करा आणि तो अर्धा तास तिच्या मानधनात धरा. पर्यवेक्षिका भेटीला येईल तेव्हा तिनं ट्रॅकरच्या आधी ही वही उघडावी, आणि एखाद्या गोष्टीत मूल शेवटपर्यंत घाबरलेलंच राहिलं असेल, तर त्यावर लाल शेरा मारू नये.