शौर्यावरची झूल

सैनिकांवरचे मराठी लेखन मी आवडीने हाती घेतो आणि बहुतेक वेळा अर्धपोटी उठतो. शूर, निधड्या छातीचा, मृत्यूला न जुमानणारा अशी विशेषणे पानोपानी वाढलेली असतात. पण त्या माणसाची पलटण कोणती, हुद्दा काय, तो कोणत्या तारखेला कोणत्या नदीकाठी लढला, हे विचारावे तर लेखक गप्प! माझ्या वर्गातल्या मुलाने असा निबंध लिहिला, तर मी तो परत लिहायला लावीन.

याच्या उलट एक उदाहरण देतो. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सरकारी लिखाणाबद्दल माझे मत एरवी फारसे बरे नाही, पण त्या पदकाचे गॅझेटातले निवेदन मी गद्याचा उत्तम नमुना मानतो. मशिनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकीचे सारे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा दोघांनाही गारद केले, आणखी एकाला गोळी घातली, आणि नवे मॅगझिन चढवायला सवड नाही म्हणून हातातली बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठेचले. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. स्तुती येते ती हे सारे सांगून झाल्यावर, शेवटी. न चढवलेल्या त्या मॅगझिनमध्ये जो थरार आहे, तो दहा विशेषणांत नाही.

घाडग्यांची कबर कुठे आहे हे ठाऊक नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने येथेही त्यांचे स्मारक झाले. पण त्यांच्या पलटणीचे पुढे काय झाले? १९४१ साली केरेनच्या डोंगरात लढलेली ही पलटण पुढे छत्रीधारी बनली, १९४८ साली झांगर परत घेण्याच्या लढाईत उतरली, आणि १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची दुसरी पलटण झाली. 'मराठा' हा शब्द कंसात गेला आणि आपल्या लेखकांच्या हातून धागा सुटला. आज ती स्पेशल फोर्सेसमध्ये मोडते. कमांडोंच्या साहसकथा चवीने वाचणाऱ्या पोरांना घाडग्यांची पलटण ती हीच, हे सांगणार कोण?

याच पलटणीने ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ उड्या मारल्या. पुंगलीचा पूल धरायचा आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची, हे काम. नेतृत्व कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांचे. उतरलेली माणसे सुमारे सातशे. मात्र वृत्तपत्रांकडे गेले ते एका मोठ्या सरावाचे जुने छायाचित्र, आणि परदेशी पत्रांनी आकडा पाच हजारांवर नेला. शत्रूच्या छातीत धडकी भरवायला ही थाप कामास आली, आणि लढाईत ती क्षम्यच. पण लढाई संपली, १६ डिसेंबरला हीच माणसे ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत होती. मग इतिहास लिहिणाऱ्याने फुगवटा का जपावा? कादंबरीत मी सातशेंचे पाच हजार करीन, तो माझा धंदाच आहे. इतिहासात मात्र तसे केले की, पाच हजारांचे काम सातशेंनी केले, ही खरी बढाईच हातची जाते.

आपले सत्कारही याच वळणाचे. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचे तासभर भाषण. आणि सत्कारमूर्ती सुभेदार किंवा हवालदार हात जोडून बसलेले. त्यांना बोलायला सांगितलेच तर दोन शब्द. घाडग्यांच्या बरोबरीचे लोक आता जवळजवळ उरले नाहीत. टांगाईलला विशीत उडी मारलेला जवानही आज सत्तरीपलीकडे आहे. यंदा असा कुणी तुमच्या घरी फराळाला आला, तर चकलीची बशी पुढे करा आणि विचारा : पाठीवर वजन किती होते? पाय चिखलात पडला की भातखाचरात? शेजारी कोण उतरला होता, त्याचे गाव कोणते? घरात शिकते पोर असेल, तर त्याच्या हाती वही द्या. तारीख आधी लिहायला सांगा.