कांदळवनांचे ‘आरोग्य’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

‘उपग्रहाद्वारे कांदळवनांच्या आरोग्याचे निरीक्षण’ हा शब्दप्रयोग अलीकडे आपल्या लेखनात रूढ होऊ पाहत आहे. वनस्पतिशास्त्र हे प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र नव्हे. परंतु शब्द व त्याचा वाच्यार्थ यांचा संबंध तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम असल्यामुळे या प्रयोगाची छाननी करण्याचा अधिकार त्यास आहे, असे वाटते.

प्रथम ‘कांदळवन’ हाच शब्द घ्यावा. कांदळ हे एका विशिष्ट वृक्षाचे नाव. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत मात्र प्राबल्य आहे ते तिवराचे. चिपी, काजळा हेही त्या वनाचे घटक आहेत. म्हणजे अंशाच्या नावाने येथे समग्राचा निर्देश होतो. भाषेत हे नित्याचेच आहे आणि त्यात दोष नाही. (‘खारफुटी’ हा शब्द या बाबतीत अधिक निर्मळ आहे, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) खरी अडचण ‘आरोग्य’ या पदापाशी सुरू होते.

उपग्रहास दिसते काय? निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंच्या तफावतीवरून उणे १ ते अधिक १ या मर्यादेत एक निर्देशांक काढतात. हा निर्देशांक पर्णसंभाराचा द्योतक होय. ‘आरोग्य’ हा त्यावर आपण रचलेला दुसरा मजला आहे. भरतीचे पाणी झाडांच्या बुंध्याशी चढले की पाणी अवरक्त किरण शोषते आणि निर्देशांक उतरतो. वन मात्र जसेच्या तसे असते. मुंबईच्या तिवरांवर सागाची पाने खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांची धाड पडून वृक्षच्या वृक्ष निष्पर्ण झाल्याच्या नोंदी आहेत. पुढे त्यांना पुन्हा पालवी फुटते. नेमक्या त्याच आठवड्यातील एकच प्रतिमा वाचणारा संशोधक तेथे मरण वाचील.

रहिमतपूरच्या वाचकास खाडी परकी असली तरी आल्याचे शिवार परके नाही. आल्याचे पान कंदकुजीने पिवळे पडते आणि पीक काढणीस आले म्हणजेही पिवळेच पडते. शेतकरी रंगावर थांबत नाही. तो माती उकरून कंद पाहतो. चिन्ह एक, कारणे अनेक, हा सिद्धांत त्यास कोणी शिकविलेला नाही.

आता भारतीय वन सर्वेक्षणाचे द्वैवार्षिक अहवाल पाहावेत. ते अहवाल स्वतः ‘आच्छादन’ असेच म्हणतात आणि छत्रघनता ७० टक्क्यांहून अधिक असल्यास अतिदाट, ४० ते ७० मध्यम दाट व १० ते ४० विरळ असे वर्ग पाडतात. ही शिस्त प्रशंसनीय आहे. शिस्त मोडते ती वाचणाऱ्यांकडून. महाराष्ट्राचे कांदळवन-क्षेत्र २०१५ च्या अहवालात २२२ चौरस किलोमीटर होते. ते २०१७ मध्ये ३०४ झाले. दोन अहवालांच्या अंतरात सुमारे ३७ टक्के वाढ! यात वृक्षांची वाढ किती आणि प्रतिमांचे वाचन सुधारल्याचा भाग किती, हा प्रश्न विचारल्यावाचून या आकड्याचा आनंद मानणे घाईचे होईल. राष्ट्रीय आकड्यांचे उदाहरण तर पाठचिकित्सकास विशेष रुचेल. २०२१ च्या अहवालात एकूण क्षेत्र ४,९९२ आहे व २०२३ च्या अहवालात ४,९९१.६८. वजाबाकी ०.३२ येते, अहवाल मात्र ७.४३ ची घट सांगतो. याचा अर्थ इतकाच की, तुलनेसाठी घेतलेला मागील आकडा मूळ छापील आकडा नव्हे, तो पुढे दुरुस्त झालेला आहे. हस्तलिखितांच्या संपादनात जुना पाठ व शोधित पाठ आपण वेगळे दाखवितो. दोन आवृत्त्यांचे आकडे शेजारी मांडून ‘ऱ्हास’ किंवा ‘वृद्धी’ म्हणणाऱ्या प्रबंधात तेवढी काळजी क्वचितच आढळते.

हा वाद केवळ शाब्दिक आहे, असे कोणी म्हणेल. तथापि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशात कांदळवनांचे उपग्रहाधारे नकाशे करण्यास सांगितले आणि त्यांच्याभोवती ५० मीटरांच्या पट्ट्यात बांधकामास मनाई केली. तेव्हापासून ‘येथे कांदळवन आहे’ या विधानास जमिनीवर कायद्याचे परिणाम प्राप्त झाले आहेत. अहवालासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिमेतील एक चौकट सुमारे २३.५ मीटरांची असते; ५० मीटरांचा पट्टा म्हणजे जेमतेम दोन चौकटी. अशा प्रतिमेवरून एखाद्या भूखंडाची सीमा ठरविता येत नाही. त्यासाठी अधिक सूक्ष्म प्रतिमा आणि चिखलात उतरून केलेली पडताळणी या दोन्ही लागतात. एखाद्या खाडीवरील विरळ तिवरांना ‘रोगट’ म्हटले की, ‘रोगट वन राखून काय लाभ?’ हा युक्तिवाद करणाऱ्यास शब्द आयताच मिळतो. विरळ असणे हा रोग नव्हे. कित्येकदा ती नव्या गाळावरील कोवळी वाढ असते.

प्रबंधलेखकांनी ‘आरोग्य’ हे पद वर्ज्यच करावे, असा आमचा आग्रह नाही. ते वापरताना प्रतिमेचा दिनांक, त्या वेळची भरती-ओहोटी, वनातील प्रमुख वृक्ष व प्रत्यक्ष पाहणीची ठिकाणे एवढी चार विशेषणे त्यास जोडावीत. ती जोडता येत नसतील तेथे ‘पर्णाच्छादन’ हा शब्द उपलब्ध आहे.