हिरवी रेषा आणि पृथ्वीचा फुगवटा

कॅनडातील हौशी रेडिओचालक रॉजर कूदे यांनी तयार करून विनामूल्य दिलेली 'रेडिओ मोबाईल' ही आज्ञावली आम्ही विद्यार्थ्यांबरोबर वापरून पाहिली. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, मनोऱ्यांची उंची आणि कंप्रता भरली की मधल्या भूमीचा छेद पडद्यावर उमटतो. उंचीचे आकडे एन्डेव्हर अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये केलेल्या रडार-मोजणीतून घेता येतात. सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावर समोच्च रेषा मोजत असा छेद काढायला एक दुपार जाते. एवढ्यापुरती ही आज्ञावली शाळांनी जरूर वापरावी.

आमची तक्रार पुढची आहे. सूक्ष्मलहरींचा दुवा जमणार असेल तर हिरवी रेषा दिसते, आणि ती दिसली की विचार थांबतो. सपाट पठारावर ३० किलोमीटर अंतरावरचे दोन मनोरे घेऊ. कंप्रता ७ गिगाहर्ट्झ. लहरी ताणलेल्या दोरीसारख्या जात नाहीत. त्यांना भोवती मोकळी जागा लागते. हे फ्रेनेल क्षेत्र मध्यावर सुमारे १८ मीटर त्रिज्येचे भरते. त्यातले ६० टक्के, म्हणजे जवळजवळ ११ मीटर, मोकळे ठेवण्याचा प्रघात आहे. शिवाय पृथ्वीचा फुगवटा आहेच. हवा वर विरळ होत जाते म्हणून लहरी किंचित खाली वाकतात. ते जमेस धरण्यासाठी पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट मानतात. मग मध्यावरचा फुगवटा १३ मीटर. बेरीज २४. तेवढे मनोरे उभारले की कागदावर काम झाले!

परंतु ४/३ हा नेहमीच्या हवेचा आकडा. कधी कधी बाष्प व तापमान यांची उतरंड बदलते, लहरी वरच्या बाजूला वाकतात आणि हा गुणक २/३ पर्यंत उतरतो. त्याच जागी फुगवटा साडेसव्वीस मीटर होतो. दृष्टिरेषाच जमिनीत जाते.

आज्ञावलीतले गणित लाँगली व राइस यांच्या १९६८ च्या पद्धतीचे आहे. हवेची अपवर्तनक्षमता, हवामानाचा प्रकार, वेळेची टक्केवारी हे सारे त्यात बदलता येते, हे मान्य. पण आधीच भरून ठेवलेले आकडे कोण तपासतो? पावसाने होणारी घट तर या पद्धतीत धरलेलीच नाही. ७ गिगाहर्ट्झला ते एक वेळ चालेल. १८ गिगाहर्ट्झला, कोकणातल्या पावसात, मुळीच नाही.

आता आम्ही फुगवटा आधी कागदावर काढून घेतो: दोन्ही टोकांपासूनच्या किलोमीटरांचा गुणाकार, त्याला १२.७५ आणि तो गुणक यांच्या गुणाकाराने भागायचे, उत्तर मीटरमध्ये. मग संगणक. परवा एका विद्यार्थिनीने हिरवी रेषा दिसताच विचारले, "सर, यात हवा कुठली धरलीय?"