जुनी नळी, नवी नळी

आमच्याकडे कोकणात बंदुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता तशा बंदुका होत नाहीत." आजोबांच्या पिढीतले सगळेच असं म्हणत. आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तिला तेल लावता लावता मीही ते ऐकत मोठा झालो. पण हे वाक्य एकदा तपासून बघायला हवं.

शिकारीच्या रायफलींत या वादाचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. विंचेस्टर कंपनीची 'मॉडेल ७०' ही रायफल १९३६ साली निघाली आणि १९६४ साली खर्च वाचवायला तिची घडण बदलली. आधी तिच्यात जर्मन माउझरसारखा लांब आकडा होता. पेटीतून काडतूस वर आलं की तो त्याची कड धरी आणि रिकामं बाहेर टाकेपर्यंत सोडत नसे. नवीत बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकली. दस्त्यावरची नक्षी हत्यारानं कोरण्याऐवजी दाबून उठवली. शिकारी भडकले. आजही 'चौसष्टच्या आधीची' म्हटलं की भाव चढतो. पुढे १९९०च्या दशकात कंपनीनं तो आकडा परत आणला.

ही तक्रार मला अर्धीच पटते. घाबरलेल्या माणसानं बोल्ट अर्धवट ओढला, तर ढकलणीच्या रायफलीत दोन काडतुसं एकात एक अडकू शकतात. समोर वाघ असेल तर तो क्षण जिवाशी येतो. जिम कॉर्बेटला १९०७ साली बक्षीस मिळालेली रिग्बी माउझरच्याच घडणीची होती, हे ध्यानात घ्या. पण दोनशे यार्डांवरच्या हरणासाठी आकडा असला काय, नसला काय! चौसष्टनंतरच्या रायफलीही नेमाला चोख होत्या. त्या दिसायला हलक्या, एवढंच.

आणि लाकडाचं म्हणाल, तर श्रावणात आपली दारं फुगून बसतात ना, तसाच अक्रोडाचा दस्ताही फुगतो. तो नळीला दाबतो आणि नेम सरकतो. आजचा कृत्रिम दस्ता दिसतो रुक्ष, पण पावसाला दाद देत नाही. स्वस्तातल्या नव्या रायफलीचा नेमही पूर्वीच्या कित्येक महागड्या रायफलींना लाजवील.

मग जुन्या सगळ्या चांगल्याच का वाटतात? वाईट होत्या त्या केव्हाच भंगारात गेल्या. राहिल्या त्या निवडून राहिल्या, आणि आपण त्यांच्यावरून सगळ्या काळाला दाखला देतो.

या कौतुकात एक धोका आहे, म्हणून हे लिहिलं. शिकार १९७२च्या कायद्यानं बंद झाली, पण परवान्याच्या बंदुका गावोगाव आहेत. काही जुन्या बाराबोअरच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या असतात. त्यांच्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. त्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. आजच्या बिनधुराच्या काडतुसाचा जोर त्यांना सोसेलच असं नाही. नळी फुटली तर पुढे धरलेला हात जातो. आज्याची आठवण म्हणून ती भिंतीवर जरूर ठेवावी. पण डुकरं शेतात शिरली म्हणून तिच्यात नवं काडतूस भरण्याआधी जाणत्या कारागिराला नळी दाखवावी, आणि तो नको म्हणाला तर ऐकावं.