एल्फिन्स्टनचे चरित्र आणि पंढरपूरचे खाते

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव आपल्याकडील सुशिक्षित घरांत एके काळी मोठ्या आदराने घेतले जाई. मुंबईचे कॉलेज त्याच्या नावाचे. पश्चिम रेल्वेवरचे स्टेशन मात्र त्याचे नव्हते. ते त्याच्या पुतण्याचे, १८५३ ते १८६० या काळातील गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनचे. २०१८ साली त्या स्टेशनाचे प्रभादेवी झाले, तेव्हा पुष्कळांनी पुतण्याच्या पाटीवरून काकाला निरोप दिला. अशी गल्लत व्हावी, याचे कारण उघड आहे. या माणसाचे नाव आपण खूप ऐकले, पण त्याचे चरित्र फारसे कोणी वाचले नाही.

ते चरित्र सर एडवर्ड कोलब्रुक याने लिहिले आणि १८८४ साली लंडनला दोन भागांत प्रसिद्ध झाले. कोलब्रुक हा प्रसिद्ध संस्कृत पंडित हेन्री कोलब्रुक याचा मुलगा. स्वतः सरदार घराण्यातला आणि पार्लमेंटचा सभासद. एका सरदाराने दुसऱ्या सरदारपुत्राचे लिहिलेले हे चरित्र आहे. त्यात नायकाच्या रोजनिशीचा आणि पत्रांचा सढळ उपयोग केलेला आहे, आणि ग्रंथाची खरी गोडी त्यातच आहे. घोड्यावरून रानोमाळ हिंडणारा, ग्रीक आणि फारसी ग्रंथांत रमणारा, रात्री स्वतःच्या मनाची झडती घेणारा असा एक उमदा पुरुष त्यातून समोर उभा राहतो. राज्यकर्त्याच्या चरित्रात इतके मोकळे मन क्वचितच भेटते. माझी तक्रार वेगळी आहे. या चरित्रात मन आहे, वही नाही. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या वाचकाला तिचे महत्त्व मी सांगायला नको.

मुळात हा सरदारपुत्र हिंदुस्थानात आला तोच वहीच्या वाटेने. तो अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. जन्म १७७९ चा. विलायतेत पदवी आणि जहागीर थोरल्याला. धाकट्यांनी आपली सोय आपण पाहायची. त्याचा एक चुलता ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी होता. तेव्हा १७९६ साली, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, मुलगा कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास पोहोचला. पुढे १८११ साली तो पुण्यास रेसिडेंट झाला आणि त्याच्या चरित्राचा आमच्या पंढरपुराशी संबंध आला.

१८१५ च्या जुलैत, आषाढी यात्रेच्या दिवसांत, बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. त्या दिवशी शास्त्र्यांची प्रकृती बरी नव्हती. देवळात येण्याचे निरोप पुन्हा पुन्हा आले, तेव्हा ते गेले, आणि परतताना रस्त्यातच मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. दुसरा बाजीराव त्या वेळी गावातच होता. संशय त्याच्या लाडक्या त्रिंबकजी डेंगळ्यावर आला. एल्फिन्स्टनने त्रिंबकजीला ताब्यात मागून घेतले आणि ठाण्यास कैदेत ठेवले. तेथून तो १८१६ साली निसटला. पुढे १८१७ चा पुण्याचा तह, खडकीची लढाई, रेसिडेन्सीच्या आगीत एल्फिन्स्टनच्या ग्रंथसंग्रहाची झालेली राख आणि शेवटी पेशवाईचा अंत, हे सारे आपण शाळेत शिकलो आहोत.

चरित्रकार ही हकीकत राजकारण म्हणून सांगतो: इकडे कपटी पेशवा, तिकडे खंबीर रेसिडेंट. आपल्याकडील लेखकांनी बाजू बदलली, पण मांडणी तीच ठेवली. कोणी शास्त्र्यांना इंग्रजांचा हस्तक ठरवले, तर कोणी तीर्थक्षेत्रात मारला गेलेला ब्राह्मण म्हणून हळहळले. मात्र शास्त्री पुण्याला कशासाठी आले होते, हा साधा प्रश्न दोन्हीकडे मागे पडतो. ते हिशेबासाठी आले होते.

हा हिशेब असा. गायकवाडांकडे पेशव्यांची जुनी बाकी होती. त्यातच पेशव्यांच्या वाट्याच्या अहमदाबाद प्रांताचा इजारा गायकवाडांकडे होता. त्याची मुदत १८१४ साली संपली आणि बाजीरावाने तो त्रिंबकजीला दिला. बडोद्याची तिजोरी आधीच पोखरलेली. १८०२ साली अरब शिबंदीचा थकलेला पगार चुकवण्यासाठी दरबाराने हरिभक्ती, सामळ बेचर अशा पेढ्यांकडून कर्ज काढले. सावकारांचा विश्वास दरबारावर नव्हता, कंपनीवर होता. म्हणून कंपनी जामीन राहिली. या हमीला तिकडे 'बहांदरी' म्हणत. बहांदरी आली की सावकाराला निश्चिंती आणि हमी देणाऱ्याला राज्यात शिरकाव, असा तो व्यवहार होता. कंपनीच्या लष्कराइतकेच या कागदाने बडोदे बांधले गेले.

आणि शास्त्री स्वतःही हमीवरच पुण्यास आले होते. त्यांच्या जिवाची हमी कंपनीने दिली होती. बाजीरावाने त्यांना आधी दिवाणगिरीचे आमिष दाखवले, मेहुणी त्यांच्या मुलाला देण्याचे ठरवले. ते फिसकटल्यावर राग धरला. बडोद्यातून दूर झालेल्या सीताराम रावजीचा कारभारी गोविंदराव बंधूजी पेशव्यांच्या बाजूने त्यांच्या वाइटावर टपलेला होता. इतक्या वैऱ्यांमध्ये शास्त्री पंढरपुरास गेले, तेव्हा हमी देणाऱ्या सरकारचा रेसिडेंट वेरूळची लेणी पाहत होता. बातमी त्याला तेथेच कळली. खुनानंतर त्याने दाखवलेला निश्चय कोणीही नाकारणार नाही. पण खुनापूर्वीच्या त्या दिवसांचा जाब चरित्रकाराने नायकाला विचारायला हवा होता. इतक्या आत्मपरीक्षक माणसाला तो प्रश्न पेलला असता.

पैशाच्या हमीचे काय झाले, तेही पाहू. १८१७ च्या तहात पेशव्यांचे गायकवाडांवरील जुने हक्क वर्षाला चार लाखांवर तोडले गेले. ज्या हिशेबापायी शास्त्र्यांचा जीव गेला, तो एका कलमात मिटला. पुढे एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८२० साली बडोद्यास गेला. दरबाराचे कर्ज तेव्हा एक कोटीच्या वर होते. त्याने दुसऱ्या सयाजीरावाला कारभारात मोकळीक दिली, पण एका अटीवर: कंपनीने ज्यांची हमी घेतली आहे त्या सावकारांचे देणे चुकते झाले पाहिजे. ती अट पुरी होईना, तेव्हा त्याच्यामागून आलेल्या माल्कमने १८२८ साली गायकवाडांचा मुलूख जप्त केला. सावकारांची हमी कंपनीने मुलूख घेऊन पाळली. शास्त्र्यांच्या हमीपोटी त्यांच्या माणसांना, फार तर, गुन्हेगाराची कैद मिळाली.

यावरून एल्फिन्स्टन कोणी लोभी पेढीवाला होता असे कोणी समजू नये. पंचायतींची जुनी रीत टिकावी म्हणून तो झटला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा त्याच्याच काळात उघडली. विलायतेस परतल्यावर दोनदा चालून आलेले गव्हर्नर जनरलचे पद त्याने नाकारले आणि हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. माणूस सज्जन होता. म्हणूनच त्याचे चरित्र वहीसकट वाचावे असे मला वाटते. दुर्जन माणसाच्या वहीत पाहण्यासारखे काही नसते. तेथे काय असणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. सज्जनाच्या हातून चाललेल्या व्यवहारात कोणाची हमी आधी पाळली गेली, हे पाहिले म्हणजे त्या राज्याची रीत कळते.

याच बडोद्याची पुढची नोंदही वाचकाने शेजारी ठेवावी. नाशिककडच्या कवळाण्यातून दत्तक आलेल्या तिसऱ्या सयाजीरावांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली. ज्या गादीला शंभर वर्षांपूर्वी सावकारापुढे परक्याचा जामीन उभा करावा लागला, तिने स्वतःची बँक काढली. सयाजीरावांच्या चरित्रांतून ग्रंथालये आणि सक्तीचे शिक्षण यांचे वर्णन नेहमी असते. ते योग्यच आहे. पण मला त्यांच्या बँकेच्या स्थापनेत बहांदरीला दिलेले उत्तर दिसते, आणि ते उत्तर कळायला आधी एल्फिन्स्टनचे चरित्र वाचावे लागते.

आमच्या गावी आषाढीला लाखो वारकरी देवळाच्या वाटेने जातात. त्याच वाटेवर एका हिशेबनिसाचा जीव गेला, हे बहुतेकांना ठाऊक नसते, आणि असावे असा माझा आग्रहही नाही. चरित्रकाराला मात्र ते ठाऊक असून भागत नाही. त्याने ती रक्कम नायकाच्या खात्यावर मांडली पाहिजे. एल्फिन्स्टनचे मराठीतले पुढचे चरित्र जो कोणी लिहील, त्याने रोजनिशी उजव्या हाताशी आणि बडोद्याची खतावणी डाव्या हाताशी घेऊन बसावे.